तेओच्या गळ्यातली दुर्बीण

मी दुर्बीण. या घरात त्या कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी आले, हे पहिल्यांदा सांगून टाकते. हल्ली ते कोणाच्या लक्षात राहत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून जहाजाने मी अमेरिकेतल्या लुईझियानात आले आणि एका दुकानाच्या कपाटात बरेच दिवस नुसती बसून राहिले. एर्लीनने मला तिथून उचललं. तिचं नुकतंच लग्न ठरलं होतं आणि होणारा नवरा कोळंबीच्या बोटीवर कामाला होता. "घे, आता मी धक्क्यावर उभी असले की लांबूनच दिसेन तुला," असं म्हणत तिने मला तेओफीलच्या गळ्यात अडकवलं. त्याला सगळे तेओ म्हणतात. त्या दिवसापासून मी त्याची झाले.

पुढे बोटीवरची नोकरी सुटली, केस पिकले, पण मी काही सुटले नाही. दोघं नवरा-बायको आपली चपट्या बुडाची होडी घेऊन दलदलीत मगरी बघायला जायचे. तेओ पुढे बसायचा, एर्लीन मागे वल्हं घेऊन. पाण्यावर मगरीचे डोळे आणि नाकपुड्या तेवढ्या दिसतात. त्यांच्यात जितक्या इंचांचं अंतर, तितके फूट ती मगर लांब. तेओ मला डोळ्यांना लावून म्हणायचा, "डावीकडे, आठ फूट!" आणि जवळ गेल्यावर ती आठ फूटच निघायची. फार सुखाचे दिवस होते ते.

मग एर्लीनने कॅमेरा आणला.

काय त्याचा तो थाट! ते लांबलचक नाक, ती मऊ अस्तराची पेटी, पावसाचा थेंब पडायच्या आत त्याच्या डोक्यावर टोपी. मला पुसायला मात्र तेओच्या शर्टाचं टोक. माझ्या पट्ट्यावर कॉफी सांडलेली, एकदा तर गम्बोचा रस्साही सांडला होता. सवत घरात आली की कसं वाटतं ते मला विचारा.

दरवर्षी चर्चच्या सभागृहात एर्लीनचे फोटो भिंतीवर लागायचे. बायका म्हणायच्या, "अगं एर्लीन, काय तो जबडा! दात मोजून घ्यावेत!" अहो, पण ती मगर शोधली कोणी? मी. झाडांवरून लोंबणाऱ्या शेवाळाच्या झालरीमागून, जलपर्णीच्या फटीतून मी शोधून द्यायची आणि नाव त्याचं व्हायचं. तेओ कोपऱ्यात उभा राहून कागदी ताटलीतलं सॉसेज खायचा आणि बायकोचं कौतुक ऐकून फुलून जायचा. मी त्याच्या पोटावर लोंबत जळत राहायची.

आमच्या दलदलीत एक थोराड मादी आहे. तिला ही दोघं मादाम म्हणतात. एका जुन्या सायप्रसच्या बुंध्याशी ती गवत-चिखलाचा ढीग रचून अंडी घालते. उन्हाळा सरता सरता आतून पिल्लं ओरडायला लागली की ती ढीग उकरते आणि पिल्लांना जबड्यात धरून अलगद पाण्यात नेते. तो फोटो एर्लीनला हवा होता. पण घरट्यावरच्या मगरीजवळ जायचं म्हणजे ती नेमकी कुठे आहे हे आधी माहीत हवं, आणि ते सांगायचं काम तेओचं.

तो फोटो घ्यायला आम्ही गेलो, त्या दिवशी तेओने मला बराच वेळ डोळ्यांना लावून धरलं. चाक पुढे फिरवलं, मागे फिरवलं.

"पलीकडच्या काठावर आहे," तो म्हणाला. "नऊ फूट. निवांत ऊन खातेय."

पलीकडे ओंडका होता. मादाम अलीकडे होती, घरट्याच्या पुढ्यात, जलपर्णीखाली. मला दोन्ही स्पष्ट दिसत होती, पण मी ओरडणार कशी?

एर्लीनने होडी घरट्याच्या बाजूला नेली. फुस्स असा आवाज आला आणि जलपर्णी उसळली. मादाम जबडा वासून होडीवर आली. होडी कलंडली आणि एर्लीनच्या हातून कॅमेरा सुटला. खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. बूड मेल्या, एकदाचा बूड, असं मनातल्या मनात म्हटलं. पण तेओने झेप घेऊन त्याला पकडलं, आणि त्या गडबडीत मी बाकावर आपटले. त्याने कॅमेऱ्याला छातीशी घट्ट धरलं होतं. ती जागा माझी होती!

एर्लीनने वल्ह्याने कशीबशी होडी मागे घेतली. मादाम घरट्याकडे वळली.

"अरे, ओंडका होता तो!" एर्लीन धापा टाकत म्हणाली. "ओंडका दिसला नाही तुला?"

तेओने शर्टाच्या टोकाने माझ्या काचा पुसल्या. मग म्हणाला, "या दुर्बिणीची काच धुरकटलीये. कधीचं सांगीन म्हणत होतो."

मी? धुरकट? आयुष्यभर ज्याच्या गळ्यात राहिले त्याने असं म्हणावं!

"बघू," म्हणून एर्लीनने हात पुढे केला. इतक्या वर्षांत तिने माझ्यातून कधी पाहिलं नव्हतं. मीही सगळा जीव काचेत आणून दाखवलं. मादामच्या पाठीवरचा खवला न् खवला दाखवला, तिच्या नाकावर बसलेला चतुरसुद्धा. म्हटलं, आता हिला कळू दे खरं काय ते.

तिला कळलं. तिने मला डोळ्यांवरून काढलंच नाही, आणि माझ्या काचा ओल्या झाल्या.

"खरंच रे," ती शेवटी म्हणाली. "काही धड दिसत नाही हिच्यातून. म्हातारी झाली बिचारी."

पुढच्या आठवड्यात तेओ "गळाचं आमिष आणतो" असं सांगून बाहेर पडला आणि गाडी हळूहळू चालवत डॉक्टरकडे गेला. मी गळ्यात होतेच. डोळ्याचा मागचा पडदा झिजत चाललाय, गेलेली नजर आता चष्म्याने किंवा शस्त्रक्रियेने परत यायची नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरी येऊन त्याने सांगितलं, "आमिष संपलं होतं." एर्लीनला त्याच्या डोळ्यांचं कळलंय हे त्याला ठाऊक नाही. तो डॉक्टरकडे जाऊन आलाय हे तिला ठाऊक नाही. मला मात्र दोघांचंही ठाऊक आहे.

माझी बदनामी गावभर झाली. फोटोंच्या दिवशी एर्लीनचा भाऊ ड्यूई सभागृहात खोकं घेऊन आला आणि सगळ्यांसमोर त्याने नवीकोरी दुर्बीण बाहेर काढली.

"घ्या दाजी! आता ओंडक्यांना नऊ फूट म्हणायचं बंद करा."

लोक खो खो हसले. मी मत्सराने पेटले. आणि मग एर्लीनचा चेहरा पाहिला. तो पांढराफटक पडला होता. नव्या काचेतूनही धूसरच दिसलं तर दोष कोणावर ढकलणार? मग तेओ होडीत पुढे बसणार नाही, होडीतच बसणार नाही, घरी खुर्चीत बसून राहील.

"लावा ना डोळ्यांना," ड्यूई म्हणाला. "तो समोरचा फोटो बघा."

तेओने ती लावली. चाक फिरवलं. सभागृह त्याच्याकडे बघत होतं.

"छान आहे रे," तो म्हणाला आणि ती ड्यूईच्या हातात परत दिली. "पण जड आहे. माझी मान धरेल. मला आपली हीच बरी."

"अहो, पण ती धुरकट आहे ना?"

"आहे. पण सवय झालीये तिची."

"राहू दे रे ड्यूई," एर्लीन घाईघाईने म्हणाली. "हट्टी आहे तो पहिल्यापासून."

अजून आम्ही जातो. एर्लीन आधी कॅमेऱ्यातून मगर शोधते आणि सहज म्हणते, "तेओ, त्या डावीकडच्या बुंध्यामागे काही आहे का रे?" तो मला डोळ्यांना लावतो, जरा थांबतो आणि म्हणतो, "आहे. सात फूट." मगर कधी सहाची असते, कधी दहाची. ती म्हणते, "सातच." मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा केलेला फोटो ती त्याच्या नाकाशी धरते, तो मान तिरकी करून बघतो आणि हसतो. त्या मेल्याकडे बघून हसतो! मादामचा तो फोटो अजून मिळालेला नाही. मिळेल तेव्हा भिंतीवर त्याचंच काम लागेल. माझी तडफड व्हायची ती होणारच आहे.

पण कॅमेऱ्याला खोटं बोलता येत नाही, म्हणून ते काम दोघांनी माझ्यावर सोपवलंय.

तुम्ही कधी इकडे आलात तर तेओ धक्क्यावर भेटेल. तो मला गळ्यातून काढून तुमच्या हातात देईल, कारण पाहुण्यांना मगर दाखवायची त्याला हौस आहे. खुशाल बघा. मगर अगदी पापणीसकट दिसेल तुम्हाला. पण मला परत देताना त्याला एवढं म्हणा, "काका, तुमची दुर्बीण फारच धुरकट झालीये हो."