दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं

रविवारी जेवणं आटोपली की चष्मेवाल्याच्या तळघरात तिघं जमायचे. एक चष्मेवाला स्वतः, दुसरा त्याचा शाळेपासूनचा दोस्त बेकरीवाला आणि तिसरा गुरांचा डॉक्टर. तिघांची पन्नाशी उलटलेली, पण तळघराचा दरवाजा लागला की त्यांना पुन्हा मिसरूड फुटायचं. जुन्या हेवी मेटलच्या रेकॉर्ड लावायच्या, एकेक गाणं कान देऊन ऐकायचं आणि त्याला दहापैकी गुण द्यायचे, हा त्यांचा उद्योग. सध्या त्यांनी एकाच बँडचे सगळे अल्बम घेतले होते. अल्बमांना ते वरच्या चित्रावरून ओळखत. कावळ्याचा, भट्टीचा, फुटक्या घंटेचा. सगळ्या गाण्यांची क्रमवारी लावून पहिलं कोण ते एकदाचं ठरवायचं होतं.

डॉक्टरचं मन मोठं. मरतुकड्या गाण्यालाही तो आठ द्यायचा. आजारी म्हशीला ‘होईल हो बरी’ म्हणायची सवय गाण्यांनाही लागली, असं बेकरीवाला म्हणे. बेकरीवाला स्वतः मूड बघून गुण द्यायचा. चष्मेवाला मात्र कंजूष. अर्धा अर्धा गुण कापायचा, आणि कापताना कारण सांगायचा. दोन गाणी पाठोपाठ लावून तो दुकानात भिंगं बदलताना विचारतो तसं विचारायचा, ‘हे बरं, की हे?’ आणि समोरच्याचं उत्तर पटलं नाही तर पुन्हा लावायचा. शेवटचा शब्द त्याचाच असे, म्हणून दोघं त्याला पंच म्हणत.

बेकरीवाल्याची धाकटी बहीण पंचाला दिली होती. लग्नामुळे दोस्तीला नात्याची गाठ बसली, आणि बेकरीवाल्याची थोडी पंचाईतही झाली. तक्रार आली की दोस्ताची बाजू घ्यायची की बहिणीची? बहिणीला घरात सगळे चिंगी म्हणत. ती इस्पितळात शस्त्रक्रियेच्या खोलीत परिचारिका होती. रविवारी ती रात्रपाळी करून यायची आणि दुपारभर झोपायची, तीही तळघराच्या बरोबर वरच्या खोलीत. खाली रणगाडे फिरले तरी मला जाग येत नाही, असं ती सांगायची.

त्या तळघरावर पंचाचा जीव होता. पूर्वी तिथे मधोमध एक जाड विटांची भिंत होती आणि दोन अंधाऱ्या खोल्या. भिंतीमुळे स्पीकर हवे तितके लांब ठेवता येत नव्हते, बासचा जड आवाज कोपऱ्यात घुमायचा. गेल्या वर्षी पंचाने ती भिंत पाडून घेतली. ठेकेदाराने तिच्या जागी एक लोखंडी तुळई टाकली, तिची टोकं बाजूच्या जुन्या भिंतींवर टेकवली आणि मधे एक लोखंडी टेकू उभा केला. मग पंचाने भिंतींना आणि छताला काळा फोम मारला. खोली आतून मखमलीच्या डबीसारखी दिसायला लागली. टेकू थोड्याच दिवसांत गेला. ठेकेदारानेच नेला, काम पक्कं झालंय, असं पंच म्हणाला. त्यानंतर त्या खोलीत जो आवाज उमटायला लागला त्याला तोड नव्हती. ड्रमचा ठोका छातीत लागायचा. डॉक्टरने पहिल्याच दिवशी दहाच्या दहा देऊन टाकले, गाण्याला नव्हे, खोलीला.

भट्टीच्या अल्बमची दुसरी बाजू सुरू होते ती एका संथ, जड गाण्याने. गिटार तेलाच्या घाण्यासारखी गरगरते, म्हणून तिघं त्याला ‘घाणा’ म्हणत. पहिल्या क्रमांकाचा तो दावेदार होता. एका रविवारी घाणा ऐन रंगात आला असताना सुईने उडी मारली आणि गाणं पुढच्या कडव्यात जाऊन पडलं. पंचाने रेकॉर्ड पुसली, पुन्हा लावली. पुन्हा उडी. गुण देताना वाद झाला. डॉक्टरचं म्हणणं, ओरखड्यात गाण्याचा काय दोष? पंच म्हणाला, जे ऐकू आलं त्याचे गुण, आठवणीचे नव्हेत. त्याने दोन गुण कापले.

मग त्याने त्याच रेकॉर्डची कोरी प्रत मागवली. तिच्यावर ओरखडाच काय, बोटाचा ठसाही नव्हता. तरी घाण्यात सुई उडाली, आधीच्यापेक्षाही लवकर. बेकरीवाल्याने वाकून पाहिलं तर टर्नटेबलच्या एका पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा होता. टेबल जरा कललंय, असं पंच म्हणाला. पुढच्या रविवारी तिथे दोन तुकडे होते. नंतर एक लाकडी चकती आली. पंच आता रेकॉर्ड लावण्याआधी प्रत्येक वेळी पाण्याचा बुडबुडा असलेली छोटी लेव्हल ठेवून बघायचा आणि टेबलाच्या पायाखाली आणखी काहीतरी सरकवायचा. डॉक्टर हसून म्हणाला की टेबलाच्या पायाला सूज आली असेल तर मी बघतो. पंच हसला नाही.

त्याच सुमारास चिंगी एकदा सकाळी बेकरीत आली. पाव घ्यायला ती कधी स्वतः येत नसे. गिऱ्हाइकं गेल्यावर तिने भावाला सांगितलं की स्वयंपाकघराचं दार सुताराकडून दोनदा तासून घेतलं तरी लागत नाही. कढईतलं तेल एका बाजूला जमतं. झोपायच्या खोलीचं कपाट आपसूक उघडतं. आणि घरात कुणी नसताना बोटं मोडल्यासारखा आवाज येतो, एकदाच, मग बराच वेळ काही नाही.

“त्याला सांगितलंस?” बेकरीवाल्याने विचारलं.

“सांगितलं ना. म्हणतो, लाकूड आहे, ऋतूप्रमाणे फुगतं. दादा, कढई लोखंडाची आहे.”

बेकरीवाला त्याच संध्याकाळी बहिणीकडे गेला. फ्रिज पुढे ओढून पाहिलं तर मागच्या भिंतीला जमिनीपासून वर तडा गेला होता, आत नख शिरेल इतका. कडा ताज्या होत्या, त्यात धूळही बसलेली नव्हती. पंच दुकानातून आल्यावर त्याने विषय काढला. पंचाने शांतपणे ऐकून घेतलं. जुनी घरं कुरकुरतात, माणसाचे गुडघे कुरकुरतात तसे, असं तो म्हणाला. ठेकेदाराला बोलावतो, असंही म्हणाला. मग त्याने लगेच विचारलं की येत्या रविवारी शेवटची फेरी आहे, घाणा आणि घंटेच्या अल्बममधलं शेवटचं गाणं समोरासमोर, तू येतो आहेस ना? बेकरीवाल्याने हो म्हटलं. घरी जाताना त्याच्या लक्षात आलं की पंचाने फ्रिजमागे वाकून पाहिलंच नव्हतं. जे आधीच ठाऊक असतं ते माणूस कशाला बघेल, असं त्याच्या मनात आलं. दोस्ताबद्दल असं काय मनात आणायचं, म्हणून त्याने ते झटकलं.

तो रविवार उजाडला. चिंगी नेहमीप्रमाणे पाळीवरून येऊन झोपली होती. जिना उतरताना बेकरीवाल्याला तळघराचा दरवाजा घासून फरशीवर ताजा पांढरा अर्धगोल ओरखडा उमटलेला दिसला. आत सगळं नेहमीसारखं होतं. पंचाने आधी घंटेच्या अल्बममधलं गाणं लावलं. डॉक्टरने साडेनऊ दिले, बेकरीवाल्याने नऊ, पंचाने साडेआठ. मग त्याने भट्टीची रेकॉर्ड काढली, लेव्हल ठेवली, टेबलाच्या पायाखाली आणखी एक चकती सरकवली आणि सुई टेकवली.

घाणा सुरू झाला. सुई उडाली नाही. गाणं एकेक वेढा घेत जड होत गेलं, आणि मग बेकरीवाल्याला त्यात एक भणभण ऐकू आली. आधी त्याला वाटलं, स्पीकर फाटला. पण भणभण डाव्या स्पीकरच्या मागून येत होती, फोमच्या आतून. तो उठला, मागे गेला आणि फोमला हात लावला. फोम थरथरत होता. त्याने कोपऱ्यात बोटं घालून तो ओढला तसा तो मोठ्या तुकड्याने सुटून आला, आणि त्याच्या बुटांवर लाल भुगा सांडला. आत तुळईचं टोक होतं. ज्या विटांवर ते टेकलं होतं त्या विटा आता विटा नव्हत्या, त्यांचं पीठ झालं होतं. ते पीठ ड्रमच्या ठोक्यागणिक जरा जरा खाली येत होतं, आणि तुळई त्याच्यामागे.

बेकरीवाला बोलला तेव्हा त्याचा आवाज त्यालाच लहान वाटला.

“बंद कर. वर चला.”

डॉक्टरने एकदा त्या भोकात पाहिलं आणि तो दरवाज्याकडे निघाला. पंच जागचा हलला नाही.

“कडवं संपू दे,” तो म्हणाला. “आज पहिल्यांदा उडी नाही मारली.”

“चिंगी वर झोपलीय.”

“माहीत आहे मला. अर्धं मिनिट.”

बेकरीवाल्याने त्याच्याकडे पाहिलं. पंचाची नजर तुळईकडे नव्हती आणि दोस्ताकडेही नव्हती. ती सुईवर होती. बेकरीवाल्याने त्याला तिथेच सोडलं. पुढे अनेकांनी त्याला विचारलं की ओढून का नाही आणलं, आणि त्याचं उत्तर एकच होतं, की माझ्याजवळ तेवढाच वेळ होता आणि वर बहीण होती.

झोपायच्या खोलीचं दार आत अडकलं होतं. कडी नव्हती लागलेली, चौकटच वाकून दाराला चावली होती. आतून चिंगीचा आवाज आला, झोपेतला, काय झालं म्हणून. डॉक्टरने तिला खिडकीकडे जायला सांगितलं. ती म्हणाली की खिडकी उघडत नाही. मग दोघांनी मिळून दाराला खांदे लावले. डॉक्टर अंगाने बैलासारखा, जनावरं आवरून आवरून तयार झालेला. तिसऱ्या धडकेला वरची फळी फुटली. चिंगी त्या फटीतून अनवाणी, घरच्या कपड्यांतच बाहेर आली. तिघं रस्त्यावर पोचले तेव्हाही खालून घाणा ऐकू येत होता. मग तो थांबला. तुटला नाही, सुई हळूच उचलल्यासारखा थांबला. चिंगीने विचारलं, हा कुठे आहे? उत्तर द्यायला कुणी तोंड उघडण्याआधी घराच्या आत कुणीतरी मोठा श्वास सोडावा तसा आवाज झाला आणि खिडक्यांमधून धूळ बाहेर आली. बाहेरच्या भिंती उभ्या राहिल्या. आत स्वयंपाकघर आणि झोपायची खोली तळघरात गेली होती.

पंच वाचला. तो जिन्याखाली पोचला होता, म्हणून वाचला. अग्निशमनवाल्यांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याचा उजवा हात कोपरापासून चिरडला होता आणि डाव्या काखेत भट्टीची रेकॉर्ड होती, पाकिटात नीट घातलेली. एवढ्या अवधीत त्याने ती पाकिटात घातली होती.

इस्पितळ चिंगीचंच होतं. तिच्याबरोबर काम करणाऱ्यांनीच त्याच्यावर शस्त्रक्रिया केली, ती बाहेर बसून राहिली. शुद्धीवर आल्यावर त्याने आधी विचारलं की बाकीच्या रेकॉर्डचं काय झालं. मग स्पीकरबद्दल विचारलं. बेकरीवाला खाटेशी उभा होता. तो वाट बघत होता, आणि चिंगीही वाट बघत होती. ती त्या खोलीतून कशी सुटली हे पंचाने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या भेटीत तिनेच तोंड उघडलं. ठेकेदार आदल्या दिवशी तिला भेटून गेला होता. टेकू मी काढलेला नाही, उलट हलवू नका म्हणून बजावलं होतं, असं त्याने सांगितलं होतं.

“टेकू तू काढलास?”

पंचाने छताकडे पाहिलं. “तो बरोबर मधे यायचा,” तो म्हणाला. “दोन्ही स्पीकरच्या मधे.”

“आणि दादा सांगतो ते पुठ्ठ्याचे तुकडे? दर आठवड्याला? तुला कळत होतं.”

“कळत होतं थोडं.” मग त्याने बेकरीवाल्याकडे मान वळवली, जणू बायकोपेक्षा त्याला पटणं सोपं. “पण आवाज कसा यायचा, सांग ना हिला.”

चिंगीने खाटेच्या पायथ्याची चादर सवयीने सारखी केली आणि ती निघाली. त्यानंतर ती त्या वॉर्डात गेली नाही.

ती भावाकडे राहायला आली, बेकरीच्या वरच्या खोलीत. चौकशी झाली तेव्हा बेकरीवाल्याने जे पाहिलं ते सगळं सांगितलं, पुठ्ठ्यासकट. शाळेपासूनची दोस्ती त्या एका दुपारी संपली. संपताना त्याला वाटलं होतं तितकं दुखलं नाही, आणि त्याचीच त्याला भीती वाटली. पंचाला दंड झाला, घर पाडून टाकायचा हुकूम निघाला. डॉक्टर अधूनमधून पाव न्यायला येतो, पण गाण्यांचं कुणी बोलत नाही.

पंच एका हाताने पुन्हा दुकान चालवायला लागला. मध्यंतरी डॉक्टर सांगत आला की त्याने गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याची जागा घेतली आहे, जुनी आहे पण खाली मोठं तळघर आहे, आणि कामाला माणसं लावली आहेत. बेकरीवाल्याने पीठ मळता मळता नुसता हुंकार दिला. चिंगी पाळीवर निघाली होती, ती दारात थांबली.

“वर कोण राहतं?” तिने विचारलं.

डॉक्टरला नीट ठाऊक नव्हतं. एक म्हातारं जोडपं असावं, तो म्हणाला.

दुसऱ्या सकाळी पाळी संपल्यावर ती घरी आली नाही. डॉक्टरकडून पत्ता घेऊन ती तडक तिकडे गेली. तळघराच्या झरोक्यातून छिन्नीचे ठोके ऐकू येत होते. ती जिना चढली आणि तिने वरच्या दाराची घंटा वाजवली. आतून पावलं सावकाश येत होती. ती तिथेच उभी राहिली.