अडलेलं पान

"सुईणबाईंचा परत फोन आला होता," वहिनी दारातूनच म्हणाल्या. "विचारत होत्या, माझे डोळे मिटायच्या आत माझं पुस्तक येईल ना?"

"येईल की," धाकटे म्हणाले आणि उगाचच पेन्सिलीला टोक करायला लागले.

"मागच्या महिन्यातही हेच म्हणालात, भाऊजी."

टोक करून करून पेन्सिल निम्मी झाली होती.

घराच्या पुढच्या खोलीत दोघा भावांचं प्रकाशन चालायचं. दारावर पाटी होती, पण लोक त्यांना थोरले आणि धाकटे म्हणूनच ओळखत. ज्याला कुणी दारात उभं करणार नाही, ते पुस्तक इथे हमखास निघे. गाईच्या खुरांचे आजार, विहिरी खणणाऱ्या गवंड्याच्या आठवणी, एका निवृत्त पोस्टमनच्या प्रेमकविता. थोरले हस्तलिखित मोठ्याने वाचत आणि समोर बसून धाकटे छापील मजकूर तपासत. परिच्छेद संपला की थोरले थांबत. खुणा करून झाल्या की धाकटे मान वर न करता म्हणत, "पुढे." खुरं असोत की प्रेम, थोरल्यांचा सूर एकच. पोस्टमन एकदा हौसेने ऐकायला बसला आणि तोंड एवढंसं करून घरी गेला.

सुईणबाईंचं पुस्तक वाचताना मात्र थोरले वाक्याच्या मध्येच थांबले. धाकटे एका खुणेत गुंतले होते. "पुढे," ते म्हणाले. मग जरा मोठ्याने, "पुढे." मग चक्क वैतागून, "अरे दादा, झोपलास की काय? पुढे!" तेव्हा कुठे धाकट्यांनी मान वर केली. थोरल्यांची मान खुर्चीतच कलली होती.

त्या दिवसापासून ते पान अडलं होतं. दुपारी कागद पुढ्यात घेतले की समोरच्या रिकाम्या खुर्चीतून तोच सपाट सूर यायचा. 'मूल निळं पडलं होतं. मी त्याला उलटं धरलं, पाठीवर थाप मारली, आणि मग...' तिथे थांबायचा. पुढची ओळ वाचायची धाकट्यांची छाती होत नव्हती. दादा जात होता आणि आपण त्याच्यावर खेकसत होतो, हे काही केल्या मनातून जात नव्हतं.

वहिनींनी पदराला हात पुसले आणि सरळ त्या खुर्चीत बसल्या.

"अहो वहिनी, ती..."

"कुणाची आहे ते माहीत आहे मला." त्यांनी चष्मा लावला. "इतकी वर्षं तुमचं सगळं आतून ऐकलंय. भांडी घासता घासता खुरांचे आजार पाठ झाले माझे. त्या दिवशीचंही ऐकलं."

धाकट्यांचा हात थांबला. "मग कधी बोलला नाहीत?"

"काय बोलू? मला वाटलं, नेहमीसारखे वैतागलात. मी आत हसले हो, भाऊजी. ते गेले तेव्हा मी हसत होते."

मग वहिनींनी हस्तलिखित उचललं. धाकट्यांनी छापील पान पुढे ओढलं आणि खाली मान घातली.

"मूल निळं पडलं होतं," वहिनी अडखळत वाचायला लागल्या. त्यांच्या आवाजाखाली तो दुसरा सूरही धाकट्यांना स्पष्ट ऐकू येत होता. "मी त्याला उलटं धरलं, पाठीवर थाप मारली, आणि मग..."

तो सूर थांबला. वहिनी थांबल्या नाहीत.

"...आणि मग वाट बघत राहिले. माझ्या हातात तेवढंच होतं."

परिच्छेद संपला. वहिनी थांबल्या. छापील ओळीत चूक नव्हती.

धाकट्यांनी आधी मान वर करून पाहिलं. वहिनी त्यांच्याकडेच बघत होत्या, चष्म्याआड डोळे भरलेले.

"पुढे," धाकटे म्हणाले.