हाव, आपलाच हाये

या मायबापहो, असे पुढं सरकून बसा. मागं भिंतीला टेकलेत त्यांनीही या. कीर्तनाला बसता तशी मांडी घाला, पण टाळ मात्र खाली ठेवा, आजच्या गोष्टीत टाळ वाजवण्यासारखं फार नाही. चिखलीच्या अन्नपूर्णाबाईची गोष्ट सांगतो. तिच्या तोंडचे तीन शब्द एका माणसानं बाजारात नेऊन विकले, त्याची.

बीटी कपाशी आपल्या जिल्ह्यात नुकती आली होती, तेव्हाचं हे. चिखलीला बसस्टँडमागे धान्याच्या एका गोदामावर लांबलचक हॉल होता. खाली पोत्यांचा वास, वर अन्नपूर्णाबाईचं कार्यालय. तिनं तो हॉल भाड्यानं घेतला, त्यात टेबलं मांडली आणि एकेक टेबल छोट्या छोट्या धंदेवाल्यांना दिलं. ज्याला दुकान परवडत नाही, पण चार लोकांना सांगायला पत्ता तर हवा, असा माणूस तिच्याकडे येई. खिडकीजवळ फकीर मोहम्मद चाचा गाद्या-रजयांच्या ऑर्डरी घेत. पिंजायचं काम घरी, बोलणी इथं. त्यांच्या शेजारी नाजिश, अर्ज आणि बिलं टाइप करून देणारी. पलीकडे मोटारी रिवाइंड करणारा, मांडव-डेकोरेशनवाला, पापड-शेवयांचा बायकांचा गट. सगळ्यांत मिळून एक फोन, एक झेरॉक्सचं यंत्र, एक माठ, आणि जिन्याच्या तोंडाशी एक मोठी पाटी.

आणि सगळ्यांत मिळून एक अन्नपूर्णाबाई. फोन तीच उचलायची. ज्याच्यासाठी असेल तो जागेवर नसला, तरी समोरच्याला परत पाठवायची नाही. कुणी विचारी, "गाद्यावाले फकीरभाई तिथंच बसतात का? माणूस बरा हाये ना?" की बाईचा भरदार आवाज तारेतून जाई, "हाव, आपलाच हाये." मांडववाल्याचं विचारलं तरी तेच, पापडवाल्यांचं विचारलं तरी "हाव, आपल्याच हायेत." चाचा हसून म्हणत, "बाई, रुई मेरी, पर बिकती तुमच्या हाववर."

ही सवय तिला लागली होती ती भजनातून. शुक्रवारी देवीच्या देवळात बायकांचं भजन असे. अन्नपूर्णाबाई तिथं कधी पुढं उभी राहून गायली नाही, ती धृपद धरायची. पुढची बाई चरण म्हणे, ही मागून तो उचलून धरी. पुढचीचा आवाज फाटला तरी हिच्या आवाजात तो झाकून जाई, आणि ऐकणाऱ्याला वाटे, काय गायली बाई. फोनवरही ती हेच करत होती. लहान माणसाच्या आवाजामागं आपला आवाज उभा करायचा. ती ह्याला देवाचंच काम समजे, आणि खरं सांगतो, तोवर ते होतंही.

मग हर्षल आला. पांढरा शर्ट, इस्त्रीची पॅन्ट, बोलणं पुण्याकडचं. बियाण्याच्या कंपनीचा माणूस म्हणून त्यानं टेबल घेतलं. येताना बाईसाठी देवीची ओटी घेऊन आला. बाईला त्याचं फार कौतुक वाटलं.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. बीटीच्या पाकिटासोबत तेव्हा एक छोटी पुडी यायची. तिच्यात साध्या कपाशीचं बियाणं. ते वावराच्या भोवताली पेरायचं, म्हणजे अळीला खायला साधी कपाशी राहील आणि बीटी पचवायची सवय तिला लागणार नाही, असं म्हणे. पण अळीसाठी वावर कोण राखून ठेवतो? लोक ती पुडी उकिरड्यावर फेकत. हर्षलनं गावोगाव सांगितलं, "त्या पुड्या फेकू नका, आमच्या ऑफिसात पाठवा. कंपनीला तपासायला लागतात." जीपवाल्यांच्या हाती पुड्या येऊ लागल्या. त्याच्या टेबलाखाली पोती भरली. अन्नपूर्णाबाईनंच ती झाडून-झटकून नीट लावून ठेवली. कशाला लागतात, हे कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी हर्षलकडे विकायला रंगीत पाकिटं आली. त्यांवर टपोऱ्या बोंडाचं चित्र, आणि खाली कार्यालयाचा पत्ता आणि फोन.

साखरखेर्ड्याहून झुंबरबाईचा फोन आला, तो ह्याच दिवसांत. झुंबरबाई म्हणजे सप्ताहात चुलीपुढं पहिली बसणारी आणि शेवटी उठणारी बाई. अन्नपूर्णाबाईचं भजनी मंडळ एकदा तिथं गेलं होतं, तेव्हाची ओळख.

"ताई, तुमच्याकडचा तो बियाण्यावाला कसाय? गल्लीतल्या बायका मला विचारू राह्यल्या. तुम्ही सांगान ते खरं."

अन्नपूर्णाबाईनं एका हातानं चहाची कपबशी सरकवली आणि दुसऱ्या कानानं मांडववाल्याचं ऐकत म्हटलं, "हाव, आपलाच हाये."

झुंबरबाईनं तेच शब्द गल्लीत नेले. गल्लीनं पेरलं.

दिवाळी सरता सरता बोंडात अळी निघाली. अळी पडली म्हणजे चार बोंडं किडली असं नव्हे, झाडांनिशी शेत गेलं. ज्या पुड्या लोकांनी स्वतः जीपमधून चिखलीला पाठवल्या होत्या, त्याच रंगीत पाकिटांत शिरून त्यांच्याच वावरात परत आल्या होत्या. आणि हर्षल तोवर टेबल रिकामं करून गेला होता. पोतीही गेली होती. तक्रार करायला गेलेल्यांना सांगण्यात आलं, ह्या नावाची कंपनीच कुठं नाही. नसलेल्या कंपनीवर कागद कोण काळा करतो?

मार्गशीर्षात झुंबरबाई स्वतः जिना चढून आली. तिनं पिशवी उघडली आणि किडकी बोंडं अन्नपूर्णाबाईच्या टेबलावर ओतली. एका बोंडातून अळी बाहेर आली आणि टेलिफोनच्या वायरवर चढू लागली. नाजिशनं टायपिंग थांबवलं.

"ताई, मह्यं वावर गेलं त्याचं मी रडून घेतलं," झुंबरबाई म्हणाली. "पण गल्ली मला दलाल म्हणू राह्यली. म्हणतात, झुंबरानं त्या बियाण्यावाल्या पोराकडून पैसे खाल्ले. सप्ताहात मह्या भाकरीचं टोपलं परत पाठवलं त्यांनी. परत, ताई. कुत्र्याला टाका म्हणले."

अन्नपूर्णाबाईनं टेबलावरचे कागद बोंडांपासून बाजूला ओढले.

"तुम्ही एकदा गावात या. पारावर उभं राहा आन् सांगा, की झुंबराला मी सांगितलं होतं म्हणून. बाकी मला काहीच नको."

आणि इथं, मायबापहो, अन्नपूर्णाबाईची जीभ घसरली. घाबरली ती. पाच टेबलवाले बघत होते, पत्ता तिचा होता, गावात जमाव काय करील ह्याचा भरवसा नव्हता. ती म्हणाली, "माहा काय दोष त्याच्यात? मी नुसता फोन उचलते, झुंबरबाई. कोणाचं बियाणं कसं, मले काय ठाऊक?"

झुंबरबाईनं तिच्याकडे पाहिलं. "नुसता फोन," ती म्हणाली. मग एकेक बोंड वेचून पिशवीत भरलं, वायरवरची अळीसुद्धा चिमटीत धरून पिशवीत टाकली, टेबल पदरानं पुसलं आणि गेली.

त्या शुक्रवारी भजनात अन्नपूर्णाबाईचं धृपद लागलं नाही. पुढची बाई दोनदा मागं वळून पाहती झाली. राग होता, पण कुणावर ते तिला धड कळेना. हर्षलवर तर होताच. स्वतःवरही होता, तो तिनं दाबून ठेवला. दाबलेला राग भाकरी थापताना हातात येई. भाकरी फाटे.

चैत्रात हर्षल परत आला.

तोच शर्ट, तीच पॅन्ट. बगलेत नवी पाटी, तिच्यावर नव्या कंपनीचं नवं नाव. वर येऊन त्यानं माठातलं पाणी घेतलं, जसा काही सकाळीच खाली उतरला होता.

"काय काकू, तब्येत बारीक झाली. ह्या वेळी खिडकीकडची सगळी बाजू मला द्या. चाचांना काय, दाराजवळही चालेल. कापूसच तर आहे."

फकीर मोहम्मद चाचा म्हणाले, "बेटा, कापूस पे मत बोल. तेरे वाले में तो कीडे थे."

"अळी निसर्गाची असते, चाचा. कंपनीची नसते."

"आन् पुड्या?" अन्नपूर्णाबाईनं विचारलं. आवाज अगदी खाली होता. नाजिशला तो आवाज ठाऊक होता. तिनं टंकलेखनाच्या यंत्रावर झाकण घातलं.

"कुठल्या पुड्या?"

"ज्या मी झाडून ठेवल्या. तुह्या टेबलाखाली. माह्या हातानं."

हर्षल हसला. "काकू, तुम्ही जागेचं भाडं घेता, मी भरतो. तुमचा नि मालाचा संबंध काय? तुम्ही तर नुसता फोन उचलता."

बस्. तिचंच वाक्य त्याच्या तोंडून बाहेर आलं. तिच्या तोंडी ते शोभलं नव्हतं, ह्याच्या तोंडी किती नीट बसलं होतं. मी आजवर पुष्कळ कीर्तनं ऐकली, राग वाईट म्हणून सांगणारी पुष्कळ. पण त्या घटकेला अन्नपूर्णाबाईच्या अंगात जो चढला, त्याला वाईट म्हणायची माझी तरी छाती नाही.

तेवढ्यात फोन वाजला. पिंपळगाव राजाहून कुणी कास्तकार होता. हर्षलनं इथं यायच्या आधीच कार्यालयाचा नंबर गावोगाव वाटून ठेवला होता. त्यानं खुणेनं सांगितलं, घ्या, बोला.

अन्नपूर्णाबाईनं फोन उचलला. पलीकडून तोच प्रश्न, माणूस बरा हाये ना?

"नाही," बाई म्हणाली. "भाऊ, आपला नाही. साखरखेर्ड्याची कपाशी ह्यानं खाल्ली. फेकलेल्या पुड्या रंगीत पाकिटात घालून विकल्या, आन् त्या पुड्या मी लावून ठेवल्या होत्या, म्हणून मले ठाऊक. नाव बदलून आला हाये. माणूस तोच. गावात सगळ्याइले सांगा. माह्यं नाव घेऊन सांगा, अन्नपूर्णाबाई म्हणाली म्हणून."

हर्षल पांढरा पडला, मग लाल. "काकू, वकिलाची नोटीस येईल."

"येऊ दे. पत्ता तुले पाठ हाये."

"बाई असून एवढा माज?"

"पाटी घेऊन जातं का, बे," ती म्हणाली, "का मीच खाली पोचवू?"

त्याला वाटलं, बाई नुसतं बोलते. तिनं पाटी उचलली आणि जिन्यावरून सोडून दिली. पाटी पायऱ्यापायऱ्यांवर आपटत गेली, गोदामाच्या हमालांनी माना वर केल्या. पाटीमागून हर्षल उतरला. त्याला कुणी हात लावला नाही. चाचा मात्र जिन्याच्या तोंडाशी येऊन म्हणाले, "आहिस्ता, बेटा. कपडे इस्त्री के हैं."

बाईनं चपला घातल्या. "नाजिश, फोन तू पाहाय. मी साखरखेर्ड्याले जाऊन येते."

हनुमान जयंतीचा सप्ताह होता, काल्याचा दिवस. अन्नपूर्णाबाई एस.टी.नं उतरली तेव्हा कीर्तन संपून पंगती बसत होत्या. ती सरळ मंडपात, विणेकऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. विणेकरी शालिग्रामबुवा, सप्ताहाचे जुने कर्ते. जन्मभर दुसऱ्याच्या मागं उभी राहून गाणारी बाई त्या दिवशी पहिल्यांदा पुढं बोलली.

"झुंबरबाईनं कोणाचं काही खाल्लं नाही. 'आपलाच हाये' असं तिले मी सांगितलं. न पाहता सांगितलं. ती चिखलीले आली तेव्हा मी तोंड फिरवलं. जे बोलायचं ते मले बोला."

वाढप्याच्या हातातली बादली तशीच राहिली. शालिग्रामबुवांनी वीणा सावरली आणि अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, ते आम्हाला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"झुंबरा तशी नाही हे. पण राग कुठंतरी काढावा लागतो ना. तो पोरगा हाती लागला नाही. झुंबरा इथंच होती."

अन्नपूर्णाबाईनं पंगतीकडे पाहिलं, बायकांच्या बाजूला पाहिलं, चुलीकडे पाहिलं. "कुठं हाये ती?"

चुलीपुढच्या एका म्हातारीनं सांगितलं, माघातच वावर बटईनं, अर्ध्या वाट्यावर देऊन नवरा-बायको जालन्याकडे लेकीकडे गेली. परत यायचं काही बोलली नाही.

"बाई, प्रसाद घेऊन जा," बुवा म्हणाले.

"देवाचा प्रसाद मी नाकारणारी कोण," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "पण तुमच्या पंगतीत बसणार नाही, आन् माह्या घरच्या ताटातही मले आज गोड लागणार नाही. झुंबराच्या भाकरी कुत्र्याले टाका म्हणाले ना तुमी? मंग आज ती चुलीपुढं नाही, तर कोणाच्या भाकरी खाऊन राह्यले, ते एकदा पानाकडे पाहा."

तिनं मारुतीला दुरूनच हात जोडले. झुंबरबाईच्या दारापर्यंत गेली. कडीला सुतळी बांधलेली होती, कुलूपही नव्हतं. तिथं उभी राहून ती जे बोलायला आली होती ते सगळं त्या दाराला बोलली, आणि परतीच्या गाडीला लागली.

कार्यालय पुढंही चाललं. नोटीस आली, चाचांनी तिची घडी करून हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. पण बाईचे ते तीन शब्द पुन्हा कधी फोनवर गेले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणे, "इथं बसतात. आपले का परके, ते येऊन डोळ्यानं पाहा." धंदा थोडा कमी झाला. चाचांच्या गाद्यांचाही झाला. ते कधी बोलले नाहीत.

तर मायबापहो, आता टाळ घ्या हातात. सप्ताह येईल, घरोघरून भाकरी येतील, टोपलं तुमच्यापुढून जाईल. तेव्हा एक भाकरी बाजूला ठेवा आणि साखरखेर्ड्याच्या झुंबरबाईची आठवण काढा. नुसती मनात नको. नाव घेऊन, मोठ्यानं, पंगतीला ऐकू जाईल असं.