तिसरा पांढरा पाव

"पाठीत सुरा खुपसला आपल्याच घरच्यांनी," ब्राकमान गुरुजी पाव घ्यायला आले आणि दुकानातच सुरू झाले. "नाहीतर चार वर्षं जी जर्मन फौज खंदकातून हलली नाही, ती हरते कशी?"

मी फळीवर पाव रचत होते. घरच्यांनी म्हणजे कुणी, तर मी नि माझ्या आईनं. एकोणीसशे सोळा सालच्या हिवाळ्यात सलगम उकडून दिवस काढणाऱ्या आम्ही बायकांनी. अस्सा राग आला म्हणता. पण मला अक्षरओळख गुरुजींनीच करून दिलेली, आणि त्यांचा एकुलता एक मुलगा, फाइट, लढाईत गेलेला. गप्प बसले.

बाबा भट्टीपाशी होते. पहिल्या महायुद्धात ते फाइटच्याच पलटणीसाठी पाव भाजत. गुरुजी दर वर्षी, युद्धात पडलेल्यांच्या स्मरणदिनाला, हेच भाषण ठोकायचे आणि बाबा मान खाली घालून ऐकायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी हात पुसले.

"सुरा कुणी नाही मारला, गुरुजी. पोटानं हरवलं आपल्याला."

आम्हा वेस्टफालियाच्या लोकांत पाव कापण्याआधी त्याच्या तळाला सुरीच्या टोकानं क्रूस काढतात. युद्धात पिठात आधी बटाटा आला, मग सलगम, शेवटी लाकडाचा भुसा. तेव्हापासून बाबांनी क्रूस काढणं सोडलं. याला पाव म्हणायला जीभ रेटत नाही, असं आईला पत्रात लिहिलं होतं त्यांनी.

"अठराच्या मार्चात आपण इंग्रजांचे खंदक फोडले," बाबा म्हणाले. "चार वर्षांत झालं नाही ते दोन दिवसांत. पुढची टेकडी मोकळी होती. पण वाटेत इंग्रजांचं कोठार लागलं. पांढरे पाव, मांस, कॉफी. आम्हाला सांगितलेलं, तेही आपल्यासारखेच उपाशी आहेत म्हणून. पोरांनी बसकण मारली. साहेब ओरडून ओरडून थकला, मग तोही खायला बसला. संध्याकाळपर्यंत कुणी उठलं नाही. तोवर टेकडीवर त्यांच्या तोफा आल्या. यांच्यापुढे आपला निभाव लागत नाही, हे त्याच दिवशी कळून चुकलं सगळ्यांना."

"आणि दुसऱ्या सकाळी फाइट त्याच टेकडीवर..." गुरुजी म्हणाले.

"हो."

गुरुजी फळीला धरून उभे राहिले. मला वाटलं, संपलं, हा माणूस आता आमच्या दुकानाची पायरी चढायचा नाही. पण त्यांनी बाबांना विचारलं, "त्यानं काय खाल्लं रे, गेरविन?"

"दोन पाव. मीच क्रूस काढून दिले. तिसरा पिशवीत टाकला त्यानं. म्हटलं, वाळेल की रे. तर म्हणाला, वाळू दे, रजेवर जाताना माझ्या बाबांना नेतो. ते तिकडे सलगमावर आहेत."

गुरुजी पाव न घेताच गेले.

आता ते दुकान नाही, बाबा नाहीत. राईच्या पावाचा वास कुठं आला की जीव अजून त्या भट्टीपाशी जातो, आणि मग पुढचा स्मरणदिन आठवतो. त्या वर्षी गुरुजींनी भाषण केलं नाही, नुसती नावं वाचली. तिथून थेट दुकानात आले आणि पांढरा पाव मागितला.

चारचौघांत कधी घास न घेणारा माणूस तो. खिशातला चाकू काढून पावाच्या तळाला क्रूस काढला आणि तिथंच, उभ्या उभ्या, अख्खा पाव खाल्ला. एक कणही सांडू दिला नाही.