शार्पनरने डूख धरला

मी एक जुना शार्पनर आहे. मित्रांनो, तुमच्या कंपासपेटीत असतो तसला नखाएवढा नव्हे. मी लोखंडी, मुठीपेक्षा मोठा, शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर स्क्रूने घट्ट बसवलेला. एका बाजूला पेन्सिल घालायचं भोक, दुसऱ्या बाजूला फिरवायची दांडी, खाली साली पडायचा खाना आणि पोटात दोन दातेरी रूळ. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना डोळ्यांत पाणी आणायचं असतं म्हणे. मला डोळे नाहीत, दात आहेत. तेव्हा माझी कहाणी ऐकताना रुमाल काढून ठेवायची गरज नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. खूप आवाज, तेलाचा वास, आणि सगळ्यात शेवटी तपासणीला बसलेली एक बाई. तिने माझ्यात पेन्सिल घातली, दांडी फिरवली, टोक अंगठ्यावर टोचून पाहिलं आणि म्हणाली, "हा चांगला चावतो." झाली माझी परीक्षा. त्यानंतर मला पुन्हा कुणी तपासलं नाही, सरळ कामाला लावलं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मला शाळेत आणलं ते चित्रकलेच्या बाईंनी. कुठे बसवायचं यावर त्यांचा आणि शिपाईकाकांचा थोडा वाद झाला. काकांचं म्हणणं, दाराजवळ बसवू, झाडायला सोपं. बाई म्हणाल्या, "नाही काका, खिडकीतच. टोक काढताना पोरांना बाहेर बघायला मिळालं पाहिजे. बघतील तर काढतील."

तसंच झालं. मुलं रांगेत उभी राहायची, आपली पाळी आली की दांडी फिरवत बाहेर बघायची. समोर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, एक पिंपळासारखं पसरलेलं झाड होतं, वाळत घातलेले कपडे होते. रांगेत भांडणं मिटायची, नवी सुरू व्हायची, खाऊची देवाणघेवाण व्हायची. माझ्या खान्यातल्या साली चिकटवून मुलं फुलं करायची. मी कडक शिसाची पेन्सिल कुरकुरत खायचो आणि मऊ शिसाची लोण्यासारखी. तेव्हा मी कुणाचंही टोक मोडलं नाही.

या रांगेत एक मुलगी वारंवार असायची. दिसेल त्या कागदावर रेघा ओढायची म्हणून सगळे तिला रेघोटी म्हणायचे. तिचे वडील समोरच्याच दुकानात सायकली दुरुस्त करायचे. रेघोटीला वाचायला वेळ लागायचा. अक्षरं तिच्यापुढे जरा हट्ट करायची. पण तिने वडिलांच्या दुकानातली उलटी ठेवलेली सायकल काढली, तर साखळीचा दुवा न् दुवा त्यात असायचा. टोक असलेली पेन्सिल घेऊनही ती माझ्याकडे यायची. उगीच दांडी फिरवायची आणि खिडकीतून वडील दिसतात का बघायची. माझ्यावर तिचा जीव होता आणि माझा तिच्यावर.

मग ती परीक्षा आली. सगळ्या शाळांना एकच प्रश्नपत्रिका, एकाच दिवशी. उत्तर लिहायचं नाही, चार गोलांपैकी एक गोल पेन्सिलीने काळा करायचा. तपासणार यंत्र. ज्या शाळेची सरासरी सगळ्यात जास्त, तिला मोठी ढाल. आमच्या मुख्याध्यापकांनी, म्हणजे मोठ्या सरांनी, त्या ढालीसाठी कार्यालयात भिंतीवर आधीच खिळा ठोकून घेतला.

सुरुवातीला मी फुगलो, हे कबूल करतो. दिवसभर दांडी थांबेना. मोठे सर खास येऊन माझ्या डोक्यावर थाप मारून गेले. "वा, हा तर आपल्या तयारीचा कणा आहे!" मला वाटलं, आता आपले दिवस आले. दिवस आले होते, पण भलतेच.

आधी चित्रकलेचा तास आठवड्यातून एकदाच ठेवला, मग तोही गेला. आमची खोली सरावाची खोली झाली. मुलांचं लक्ष जातं म्हणून भिंतीवरची चित्रं उतरवली. बाईंना नवं काम मिळालं: मुलांना गोल भरायला शिकवणे. ज्या बाईंनी आयुष्यभर "रेघेबाहेर गेलं तरी चालेल" म्हणून सांगितलं, त्या आता रांगांमधून फिरत म्हणायच्या, "आतच राहा, बाळा. बाहेर गेलास तर यंत्र चूक धरतं." हे म्हणताना त्या कुणाकडे बघायच्या नाहीत.

एक दिवस मोठ्या सरांनी पाहिलं की टोक काढणारी मुलं बाहेर बघतात. त्यांनी शिपाईकाकांकडून खिडकीच्या काचांना खाकी कागद चिकटवून घेतला. रांगही बंद. सगळ्या पेन्सिलींना सकाळीच काकांनी टोक काढून ठेवायचं. काका बिचारे डुलक्या घेत दांडी फिरवायचे, माझा खाना भरून सांडायचा, आणि समोर खाकी अंधार. मुलांचं बोलणं माझ्या कानावर येईनासं झालं. मित्रांनो, गंज पावसाने चढतो असं तुम्हाला वाटत असेल. मला तो तेव्हा चढला.

तरीही मी गप्प होतो. डूख धरला तो पुढच्या गोष्टीने.

सराव परीक्षांवरून मोठ्या सरांनी मुलांच्या तीन रांगा केल्या. पहिली पक्क्यांची. दुसरी काठावरच्यांची, त्यांना ढकलून वर घ्यायचं, म्हणून जादा तास, जादा पुस्तकं. तिसऱ्या रांगेला काहीच नाही. तिला भिंतीशी बसवून चित्रांची पुस्तकं दिली होती, आणि ती पुस्तकं बालवाडीची होती. रेघोटी तिसऱ्या रांगेत होती.

परीक्षा जवळ आली तसे मोठे सर तिसऱ्या रांगेच्या पालकांना एकेक करून आमच्या खोलीत बोलवू लागले. रेघोटीचे वडील हात पुसत आले. तरी बोटांना ग्रीस होतंच. रेघोटी माझ्याजवळ उभी राहिली आणि तिने सवयीने दांडीवर हात ठेवला.

"मुलगी चांगली आहे," मोठे सर म्हणाले. "फक्त परीक्षेच्या दिवशी तिला बरं नसेल."

"म्हणजे?"

"म्हणजे ताप असेल, पोट दुखेल. काहीही."

"सर, पण तिला काही झालेलं नाही."

"त्या दिवशी होईल."

वडिलांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली. मोठे सर मऊ आवाजात पुढे म्हणाले, "सक्ती नाही हो. पण एका पोरामुळे सगळ्या शाळेची सरासरी खाली यायची. पुढच्या वर्षी हिला वर्गात जागा द्यायची की नाही, ते मलाच ठरवायचंय ना?"

"सर," रेघोटीने विचारलं, "पण पोट दुखलंच नाही तर?"

"दुखेल," मोठे सर म्हणाले.

तिचा हात माझ्या दांडीवर होता. तिने ती उगीच एकदा फिरवली, आणि माझे रिकामे दात एकमेकांवर घासले. त्या क्षणी मी ठरवलं: मोठे सर, कधी ना कधी तुमची पेन्सिल माझ्या तोंडात येईल.

आणि आली की.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मोठ्या सरांना एक नवी काळजी लागली. सरावात मऊ पेन्सिलींची काजळी मुलांच्या हाताला लागून कागदावर डाग पडत होते. डाग पडला तर यंत्र चुकणार. त्यांनी चित्रकलेचं कपाट उघडलं आणि त्यातले कडक शिसाच्या पेन्सिलींचे खोके काढले. बाईंनी त्या भूमितीच्या आकृत्यांसाठी आणल्या होत्या. सरांनी एक ओढून पाहिली. बारीक, स्वच्छ, राखाडी रेघ. बोट फिरवलं तरी पसरली नाही. त्यांचा चेहरा उजळला.

"उद्या प्रत्येकाला हीच पेन्सिल. घरची कुणी आणायची नाही."

"सर, या फिक्या उठतात," बाई म्हणाल्या.

"बाई, आपल्याला चित्रं काढायची नाहीत. गोल भरायचेत."

बाईंनी पुन्हा तोंड उघडलं, पण सर खोके घेऊन माझ्यापाशी आलेसुद्धा होते. अति तेथे माती, दुसरं काय.

मी काय केलं असेल, मित्रांनो? अडून बसलो असेन, टोकं मोडली असतील, असं वाटेल तुम्हाला. छे! मी अडलो असतो तर त्यांनी दुसऱ्या पेन्सिली आणल्या असत्या. मी त्या दिवशी आयुष्यातलं सगळ्यात सुबक काम केलं. एकेक टोक सुईसारखं काढून दिलं, एकही मोडलं नाही. मोठे सर म्हणाले, "बघा, जुनं ते सोनं!" मी मनातल्या मनात दात विचकले.

परीक्षेच्या दिवशी शिक्षण खात्याच्या कार्यालयातून एक वयस्कर निरीक्षक आले. जाड चष्मा, आवाज हळू. मुलं बसली. तिसरी रांग रिकामी.

"ही रांग रिकामी का?" त्यांनी विचारलं.

"तापाची साथ आहे," मोठे सर म्हणाले.

"साथ फक्त याच रांगेत?"

तेवढ्यात दार वाजलं. रेघोटी आणि तिच्यामागे वडील. त्यांनी धुतलेला शर्ट घातला होता.

"हिला बरं नाही ना?" मोठे सर डोळे वटारत म्हणाले.

वडील चाचरले. रेघोटीच म्हणाली, "रात्रभर वाट बघितली सर. दुखलंच नाही."

निरीक्षकांनी चष्मा वर सरकवला आणि रिकाम्या रांगेकडे बोट दाखवलं. "बस, बाळ. तुझीच जागा आहे."

वाटायच्या पेन्सिली संपल्या होत्या. तिच्यासाठी मोजलेलीच नव्हती. बाईंनी आपल्या पिशवीतून मऊ शिसाचं एक थोटूक काढून दिलं. रेघोटी माझ्याकडे आली. थोटूक भोकात घालताना तिने नखाने खाकी कागदाचा कोपरा किंचित उचलला, बाहेर बघितलं, आणि दांडी फिरवली. मी ते लोण्यासारखं कापलं.

निकालाच्या दिवशी मोठ्या सरांनी सगळ्यांना याच खोलीत जमवलं. पाकीट फोडलं, वाचलं, उलटून वाचलं. मग खुर्ची शोधून बसले.

यंत्राला त्या कडक पेन्सिलींचे गोल दिसलेच नव्हते. पक्के कोरे, काठावरचे कोरे. सगळ्या शाळेत गुण मिळाले होते ते एकीलाच. शंभरात एकतीस. पहिली रेघोटी, शेवटची रेघोटी, आणि शाळेची सरासरी म्हणजे रेघोटी. जिच्यामुळे सरासरी खाली येणार होती, ती एकटी सगळी सरासरी डोक्यावर घेऊन उभी होती. भिंतीवरचा खिळा आठवून मला इतकं हसू आलं की खान्यातल्या साली हलल्या.

मात्र पहिल्या रांगेतला एक मुलगा हुंदके देऊ लागला. त्याने वर्षभर खेळणं सोडलं होतं. त्याचं रडणं ऐकून माझी दांडी क्षणभर जड झाली. त्याच्याशी माझं वैर नव्हतं. पण त्याला ती पेन्सिल मी दिली नव्हती, आणि देणारा अजूनही म्हणत होता, "यंत्रच बिघडलंय."

सरांनी फेरतपासणीचा अर्ज केला तेव्हा निरीक्षक उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन पुन्हा आले. डोळ्यांनी तपासायचं ठरलं. पण त्या अंधाऱ्या खोलीत फिके गोल दिसेनात. दिव्याखाली धरले तर कागद नुसताच चकाकायचा.

"तिरका उजेड लागेल," बाई म्हणाल्या. "खिडकीचा."

"मग हा कागद कशाला लावलाय?" निरीक्षकांनी विचारलं.

मोठ्या सरांनी स्वतः बाह्या सरसावल्या आणि खाकी कागद टराटरा फाडला. सायकलचं दुकान, झाड, कपडे, सगळं जागच्या जागी होतं. मुलांचे गोल उजेडात दिसले, गुण मोजले गेले, पहिल्या रांगेतला मुलगा शांत झाला. मला बरं वाटलं. पण माझं पोट अजून भरलं नव्हतं.

गठ्ठा बांधताना निरीक्षक म्हणाले, "आता तापाच्या साथीतली मुलं. बरी झाली असतील ना? त्यांची परीक्षा उद्या इथेच. त्यांचे गुण धरल्याशिवाय सरासरी निघणार नाही. आणि पुढच्या वर्षी यातलं एकही मूल वर्गातून कमी झालं, तर मी विचारायला येईन."

"पण सर, ढाल..."

"आणि पेन्सिलींना टोकं तुम्हीच काढून ठेवा. या वेळी मऊ घ्या."

पुढे ढाल दुसऱ्या शाळेत गेली. खिळ्यावर हल्ली सरांची छत्री असते.

पण त्याआधी, दुसऱ्या दिवशी सकाळी, मोठे सर मूठभर पेन्सिली घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. मागे तिसरी रांग अख्खी हजर होती, परीक्षा देऊन झालेली रेघोटीसुद्धा. त्यांनी पहिली पेन्सिल आत घातली, दांडी फिरवली. कट्. टोक मोडलं. पुन्हा फिरवली. कट्. मऊ शिसं आणि घाईचा हात. मला फारसं काही करावंही लागलं नाही. पण जे करता येण्यासारखं होतं, ते मी सगळं केलं. पेन्सिल आखूड होत होत बोटभर उरली. सरांच्या कपाळावर घाम आला. मुलं कुजबुजत होती आणि खिडकीतून बाहेर बघत होती.

शेवटी रेघोटी पुढे आली. "सर, हळू फिरवा. आणि टोक आलं की थांबा. तुम्ही थांबतच नाही."

सर थांबले. ती बोटभर उरलेली पेन्सिल त्यांनी खिशात ठेवली. मग बाजूला झाले आणि रांगेला म्हणाले, "या. आपापली काढा."

मित्रांनो, आता मी म्हातारा झालोय. माझ्या दातांची धार गेली आहे, डूख गेलेला नाही. माझं एवढंच मागणं आहे. माझा खाना वेळच्या वेळी रिकामा करा, रुळांना अधूनमधून तेल घाला, आणि माझ्यासमोरची खिडकी झाकू नका. पेन्सिलीला टोक काढावं ते लिहिण्यासाठी, चित्र काढण्यासाठी. नुसतं टोकच काढत बसलं तर पेन्सिल संपते आणि कागद कोराच राहतो. आणि हो, "उद्या तुझं पोट दुखेल" असं तुम्हाला सांगणारं कुणी भेटलं, तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. त्याला एक पेन्सिल द्या आणि माझ्याकडे पाठवा.