निवासीचा रकाना

आमच्या कार्यालयात महिन्यातून एक दिवस असा येतो, की त्या दिवशी मला कुणी नुसतं "काय गं" म्हटलं तरी मी खेकसते. सरलेल्या महिन्यात किती घरांना आणि किती दुकानं-कचेऱ्यांना बांधकाम परवानगी मिळाली, याचा तक्ता त्या दिवशी दुपारी चारला जाहीर होतो. सकाळी आत शिरताना फोन टोपलीत टाकायचा, दार लावून घ्यायचं आणि तक्ता बाहेर पडेपर्यंत खोलीतून हलायचं नाही. तक्ता मी करते, त्याच्यासोबतचं अर्ध्या पानाचं निवेदनही मीच लिहिते आणि दशांश ते तपासतो. दशांश म्हणजे माझा सहकारी. टिंबाच्या पुढच्या आकड्यावरून तो कुणाशीही दिवसभर हुज्जत घालू शकतो, म्हणून हे नाव पडलं. आता त्याची बायकोही त्याला तेच म्हणते.

त्या महिन्यात निवासी परवानग्या घसरल्या होत्या आणि व्यावसायिक वर गेल्या होत्या. हे तसं नवीन नाही. घरांचा आकडा सहसा फार हलत नाही. व्यावसायिकचं मात्र एखादी मोठी इमारत आली की पोट फुगतं आणि पुढच्या महिन्यात ते खपाटीला जातं. पण या वेळी दोन्ही बदल एकाच भागातले निघाले. असं झालं की मूळ नोंदी उघडून बघायच्या, ही आमची पद्धत. मी उघडल्या.

एका इमारतीचा वापर बदलला होता. मंजूर झालेली घरं रद्द, त्याच जागेवर आता कचेऱ्या. म्हणजे निवासीच्या रकान्यातून वजा आणि व्यावसायिकमध्ये जमा. मी भूखंडाचा क्रमांक वाचला आणि बोट ठेवून पुन्हा एकदा वाचला. तो क्रमांक मला पाठ होता. आमच्या घरात तो सगळ्यांनाच पाठ आहे, कारण दादाने तो स्वयंपाकघराच्या दारावर पेन्सिलने लिहून ठेवलाय.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. सुतार आहे, हात सोन्याचा, पण डोकं उतावळं. त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्याने घर घेतलं होतं, म्हणजे कागदावर. जागेवर अजून कुंपण आणि गवत. पण दादाने नकाशात भिंतीची लांबी बघून त्या भिंतीचं कपाट आधीच करून टाकलं होतं. त्याच्या फळ्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत पलंगामागे उभ्या होत्या. रात्री पाणी प्यायला उठलं की त्यावर पायाचं बोट आपटायचं आणि मी दादाचा उद्धार करायची. वहिनी म्हणायची, "अगं, सोस थोडं. भिंत आली की जातील."

आणि आजच संध्याकाळी दादा खाली राहणाऱ्या घरमालकाला खोल्या सोडतो म्हणून सांगणार होता. घरमालकाला खोल्या भाच्यासाठी हव्या होत्या. आज काय ते सांगा, म्हणून त्याने तगादा लावला होता. नवं घर होईपर्यंत वहिनीच्या माहेरी दाटीवाटीने राहायचं, असा दादाचा बेत. सकाळी मी चपला घालत असताना तो म्हणाला, "आकडेबाई, चारला रेडिओवर तुमचा आकडा ऐकतो. चढला असेल तर देतो शब्द."

"आकडा म्हणजे शकुन आहे का?" मी म्हटलं.

"त्या आकड्यात आपलं एक घर आहे. मला पुरतं."

आता ते घर त्यात नव्हतं. मी खुर्चीतून उठले, खिडकीशी गेले, परत आले. शंका आली तर नियोजन कार्यालयाला विचारायची मुभा आम्हाला असते, म्हणून खोलीतल्या फोनवरून तिथल्या कारकुनाला फोन लावला. नोंद चुकलेली असू दे, एवढंच मनात होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाची तरी चूक सापडावी म्हणून देवाला विनवत होते.

"बरोबर आहे नोंद," तो म्हणाला. "इमारतीच्या मालकाने नकाशे बदलून घेतलेत. घरं घेणाऱ्यांना पत्रं जातील, पैसेही परत मिळतील त्यांना."

"कधी?"

"जातील हो, महिना-दीड महिन्यात. तुम्हाला कशाला घाई?"

मी फोन ठेवला. तोवर आमच्या खोल्यांत भाच्याचा संसार लागला असता आणि आम्ही ना इकडचे ना तिकडचे. कुणी म्हणेल, मग सांगून टाक ना भावाला. पण एकेका इमारतीची नोंद या खोलीबाहेर जात नाही. चारच्या आधी नाही आणि चारनंतरही नाही. बाहेर जाते ती फक्त बेरीज. तशी मी सही दिली आहे, आणि सही देऊन ती मोडणाऱ्यांना मी आजवर तोंड भरून नावं ठेवली आहेत. माझा मलाच राग येत होता.

निवेदन लिहायला बसले. पहिलं वाक्य ठरलेलं असतं: एकूण परवानग्या वाढल्या की घटल्या. निवासी आणि व्यावसायिक त्याच्या खाली. या महिन्यात एकूण वाढल्या होत्या. म्हणजे मी माझ्या हाताने लिहिणार, 'बांधकाम परवानग्यांत वाढ', आणि दादा तेवढंच ऐकून जिना उतरणार. दोन शब्द लिहून मी कागद चुरगाळला. दुसराही चुरगाळला.

"बसशील का जरा?" दशांश म्हणाला. "तुझ्या येरझाऱ्यांनी माझी बेरीज चुकतेय."

मी तडक कोपऱ्यातल्या साहेबांच्या टेबलापाशी गेले. "साहेब, पहिल्या वाक्यात निवासी घटल्याचं लिहूया."

"पहिलं वाक्य एकूणचं," साहेब मान वर न करता म्हणाले. "कायम तेच असतं."

"एकूण वाढलंय ते एका इमारतीमुळे. घरं कमी झालीत, हे लोकांना आधी कळायला नको?"

"खाली लिहितोच की आपण."

"खालचं कोण वाचतं? लोक पहिलं वाक्य वाचतात आणि चहाला जातात. माझ्या घरातच तसला एक माणूस आहे."

माझा आवाज चढला होता. साहेबांनी चष्मा काढला. "तुम्हाला आज झालंय काय?"

तेवढ्यात दशांश कागद घेऊन उठला. मला वाटलं, आता हा माझी शोभा करणार. पण तो म्हणाला, "साहेब, ही एक इमारत बाजूला काढली तर एकूण वाढ उरतच नाही, शून्याच्या खाली जाते. टिंबानंतर सांगू का?"

"नको, नको," साहेब घाईने म्हणाले. मग तक्त्यातले दोन्ही रकाने ताडून बघून त्यांनी हात झटकला. "लिहा. निवासी आधी लिहा. उद्या वरून विचारणा झाली तर तुम्ही दोघं द्या उत्तर."

मी लिहिलं, 'निवासी बांधकाम परवानग्यांत घट.' खरं तेच लिहिलं, कुणाचं गुपित फोडलं नाही, आणि दादा आता थांबेल. चार वाजले, तक्ता गेला. टोपलीतला फोन उचलताना मला इतकं हलकं वाटत होतं, की मी दशांशला चहा पाजला.

घरी पोचले तर दाराशी खोकी. वहिनी भांडी कागदात गुंडाळत होती आणि दादा टेप घेऊन कपाटाच्या फळ्या मोजत होता.

"या, आकडेबाई!" तो म्हणाला. "ऐकलं मी. घरं घटली!"

"मग?"

"मग काय! लोकांना आता परवानगी मिळेना आणि आपली तर हातात आहे. आपण नशीबवान ठरलो की नाही? आत्ताच खाली जाऊन शब्द देऊन आलो."

मी कपाळाला हात लावला. दिवसभर भांडून एक वाक्य वर आणलं, ते या माणसाने उलटं करून खिशात घातलं. रडावं की त्याच्या डोक्यात टेप घालावी, कळेना. पिशवी टाकली आणि तशीच धाडधाड खाली गेले.

घरमालक चष्मा शोधत होता. फोन हातात होता. "भाच्याला लावतोय," तो म्हणाला.

"लावू नका. आम्ही खोल्या सोडत नाही."

"अहो, दादा तर आत्ताच म्हणाले—"

"दादा काहीही म्हणतात. मी सांगते ना, सोडत नाही. भाडं आम्ही वेळेवर देतो, दंगा करत नाही. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

"एक काय ते ठरवा बाई," तो कुरकुरला, पण फोन त्याने ठेवला.

मागे जिन्यावर दादा उभा होता. टेप अजून बाहेर ओढलेली. मला वाटलं, आता ओरडेल. त्याला मधे तोंड घातलेलं खपत नाही, त्यातून धाकट्या बहिणीने तर नाहीच.

"अगं, कशासाठी?" तो म्हणाला. "कारण तर सांग."

"सांगता येत नाही."

"मला? सख्ख्या भावाला?"

"कुणालाच."

इतकी वर्षं जेवताना माझ्याकडून निवासी आणि व्यावसायिक ऐकून त्याला आमचा तक्ता साहेबांइतकाच पाठ झालाय. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला, तो मला बघवेना.

"एवढंच सांग," तो हळू आवाजात म्हणाला. "आपण अजून निवासीतच आहोत ना?"

हो म्हटलं असतं तर खोटं झालं असतं, नाही म्हटलं असतं तर सही मोडली असती. मी मिठाची गुळणी धरून उभी राहिले. एरवी माझं तोंड मिटत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

दादाने टेप आत जाऊ दिली. मग वर तोंड करून वहिनीला हाक मारली, "अगं, भांडी परत लाव." जरा थांबून म्हणाला, "आणि पलंगामागची भिंत केवढी आहे, बघ गं. कपाट कापावं लागेल."