पट्टीतली बाई

सोमाजी फोटोवाल्याला स्कॅनर कशाला हवा, हा प्रश्न देवकाबाईला पहिल्या दिवसापासून छळत होता. आता तुम्ही म्हणाल, फोटोवाल्यानं फोटोचं यंत्र घ्यावं यात बायकोच्या पोटात दुखायचं काय? पण बाप्पा, माणूस कसा ते आधी ऐका. चंद्रपूरजवळच्या मूल गावच्या बाजारात तीस वर्षं स्टुडिओ चालवला, पण कॉम्प्युटरला कधी बोट लावलं नाही. निकेशनं, त्याच्या मुलानं, स्टुडिओत कॉम्प्युटर आणून मांडला, डिजिटल कॅमेरा घेतला, तेव्हा हा बाहेर पायरीवर बसून विडी ओढत होता. डार्करूम मोडली, निगेटिव्हवरून कागदावर फोटो काढायचं मोठं यंत्र भंगारवाल्यानं उचलून नेलं, तेव्हाही चकार शब्द बोलला नाही. आणि आता, दोन हजार सहा साली, एकाएकी म्हणतो, निगेटिव्ह कॉम्प्युटरात घेणारं मशीन पाहिजे, स्वस्तातलं का असेना!

"कोनाच्या निगेटिव्ह?" निकेशनं विचारलं.

"आहेत जुन्या."

जुन्या म्हणे! माळ्यावर जुन्या निगेटिव्हची पोती पडली होती, उंदरांनी कुरतडून त्यांचा भुगा केला, तरी ह्यानं मान वर करून पाहिलं नव्हतं. देवकाबाईच्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच.

तशी ती बरीच आधीपासून चुकचुकत होती. दिवाळी झाली की झाडीपट्टीत मंडया, म्हणजे गावजत्रा, भरतात, गावोगाव रात्रभर नाटकं होतात. सोमाजी पूर्वी नाटक कंपन्यांचे फोटो काढायला जायचा. स्टुडिओ पोराच्या हाती गेला आणि ते काम संपलं, पण जाणं काही संपलं नाही. जुना कॅमेरा गळ्यात अडकवायचा आणि दोन दिवस गायब. "कुठी चालले?" म्हटलं की "मंडईले." कोणत्या मंडईला, तर "आहे तिकडं, गडचिरोलीकडं." परत यायचा तो असा खुशीत की देवकाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. रात्रभर नाटक पाहून आलेल्या माणसाचे डोळे असे धुतल्यासारखे असतात काय? आणि फोटो कुठं आहेत? एकही कधी दिसला नाही. एका साली पिशवीतून खोबऱ्याचे गोड गोळे निघाले, गुळातले. मंडईत घेतले म्हणाला. देवकाबाईनं खाल्ले, आवडलेही, आणि खाता खाताच मनात म्हणाली, मंडईत जिलेबी मिळते, भजी मिळतात, चिवडा मिळतो. हे गोळे कोणाच्या चुलीवरचे?

नाटकातली एखादी बाई असणार, असं तिनं मनाशी धरून ठेवलं होतं. तोंडाला पावडर लावलेली, लाडात बोलणारी. ह्या वयात! तिला राग यायचा, लाज वाटायची, पण विचारायची सोय नव्हती. त्या घरात कितीतरी गोष्टी विचारायच्या नसत.

सात वर्षांपूर्वी त्यांची थोरली लेक, भाग्यश्री, एका टेम्पोवाल्या पोरासोबत निघून गेली होती. तो मासोळी न्यायला यायचा, हिंदी बोलायचा, सगळे त्याला छत्तीसगडचा समजत. सोमाजीनं भर चौकात, भावकीसमोर ओरडून सांगितलं, की माझी पोरगी मेली, तिचं नाव जो घेईल त्यानं माझ्या घरचं पाणी पिऊ नये. घरातले तिचे सगळे फोटो चुलीत घातले. कुठं गेली म्हणून देवकाबाईनं रडत रडत विचारलं, तर म्हणाला, "रायपूरकडं गेली म्हनतेत. आपल्याले काय कराचं?" रायपूर म्हणजे देवकाबाईच्या लेखी दुसरा मुलूख. तिनं तोंडाला कुलूप लावलं. भाग्यश्रीचं नाव ओठावर आलं की ती गोठ्यातल्या गाईला हाका मारायची. शेजारणी म्हणत, ह्या बाईचा गाईवर भारी जीव!

तर ह्या स्कॅनरच्या साली पोळा झाल्यावर न्हाणीघरातून एक वास आला. देवकाबाईनं तो ताबडतोब ओळखला. फिल्म धुवायच्या औषधाचा वास तो. वीस वर्षं तिनं त्याच वासात उभं राहून नवऱ्यासोबत फोटो धुतले होते. म्हणजे हा गुपचूप रोल धूत होता. दुसऱ्या दिवशी तो आंघोळीला गेला आणि तिनं त्याच्या चष्म्याचं डबडं उघडलं. आत पातळ कागदात गुंडाळलेली सहा फोटोंची एक पट्टी होती. तिनं ती कडेनं धरली, बोटं उमटू न देता, आणि खिडकीच्या उजेडात पाहिली.

निगेटिव्ह वाचायची म्हणजे मनातल्या मनात काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं करायचं. ते तिला येत होतं. पण तोंड असतं तांदळाच्या दाण्याएवढं, आणि तिचे डोळे आता पूर्वीसारखे राहिले नव्हते. एवढं मात्र समजलं, की सगळ्या फोटोंत एक बाई आहे. तिच्यापाशी एक लेकरू आहे. आणि बाईच्या मनगटावर जाड जाड काळी कडी आहेत. पट्टीत काळी, म्हणजे खरी पांढरी. पांढऱ्या जाड बांगड्या! आपल्याकडची बाई घालेल हिरवा चुडा. शंखाच्या पांढऱ्या बांगड्या घालतात त्या गडचिरोलीत, मुलचेऱ्याकडं वसवलेल्या निर्वासितांतल्या बंगाली बाया, बाजारात कधी कधी दिसतात. देवकाबाईनं पट्टी होती तशी गुंडाळून डबड्यात ठेवली. बंगाली बाई ठेवली ह्यानं. अन् लेकरू बी आहे!

पंधरा दिवस ती काही बोलली नाही. भात वाढला, पाणी दिलं, आणि डोळ्यांत तेल घालून पाहत राहिली. सोमाजीनं चंद्रपूरला स्कॅनर पाहायला जायचं काढलं तेव्हा म्हणाली, "मी बी येते. डोळे दाखवाचे आहेत मले."

"डोळे निकेश दाखवन नं."

"काऊन, माह्या येण्यानं काई अडते काय तुमचं?"

सोमाजीनं विडी पेटवली. निघायच्या सकाळी तिनं डबड्यातली पट्टी काढून आपल्या बटव्यात ठेवली आणि त्या जागी कागदात एक रद्दी पट्टी गुंडाळून ठेवली.

दुकान बसस्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. दुकानदार भूपेश तरणा, जिभेवर साखर ठेवून बोलणारा. त्यानं एक चपटा स्कॅनर पुढं सरकवला. "हा घ्या काकाजी, एकदम सस्ता. मार्कशीट, फोटो, निगेटिव्ह, सगळं स्कॅन होते."

"सगळं?" सोमाजीनं डोळे बारीक केले. खिशातून कोण्या लग्नाची पट्टी काढून दिली. "टाका बरं."

भूपेशनं टाकली. पडद्यावर एक काळा पट्टा उमटला, बाकी काही नाही.

"हे काय, कोळसा दाखवून राह्यले काय मले?"

"निगेटिव्ह खराब असन, काकाजी."

"निगेटिव्ह चांगली आहे. तुमचं मशीन आंधळं आहे. हे खालून उजेड मारते अन् खालीच परत घेते. फिलमीले उजेड आरपार लागते."

भूपेश ओशाळला, पण हटला नाही. त्यानं आतून एक उभं, चिंचोळं यंत्र आणलं. ते फक्त फिल्मचंच होतं, स्लाइडही घ्यायचं, पट्टीही घ्यायचं, नागपूरच्या एका स्टुडिओनं काढून टाकलेलं. सोमाजीचे डोळे चमकले. मग त्यानं मागची वायर पाहिली. असलं तोंड निकेशच्या कॉम्प्युटरला कुठंच नव्हतं. त्यासाठी आत वेगळं कार्ड बसवावं लागेल, आणि ते आता मिळतं की नाही देव जाणे, हे भूपेशनं दहादा खोदून विचारल्यावर कबूल केलं.

"मंग हे घेऊन का पूजेले ठेवू? एक सांगते, एक लपवते! तिसरं दाखवा."

तिसरा पुन्हा चपटाच होता, पण त्याच्या झाकणात दिवा होता, आणि पट्टी अडकवायला प्लास्टिकची चौकट होती. फिल्मच्या यंत्राएवढा बारीक तपशील येणार नाही, पण पोस्टकार्डाएवढा फोटो साफ निघेल, असं भूपेश म्हणाला. किंमतही आवाक्यातली. सोमाजीनं झाकण उघडलं, मिटलं, दिव्यावर हात धरून पाहिला, काचेवर नख फिरवलं. त्याला ते पसंत पडलं हे देवकाबाईनं ओळखलं. मग तो भूपेशच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "इथी टाकलेला फोटू तुमच्या कॉम्प्युटरात राहते काय? मांगून कोनी पाहू शकते?"

हळूच म्हणाला, पण देवकाबाईचे कान काही म्हातारे झाले नव्हते.

"काऊन, असं काय आहे फोटूत?"

"काई नाई. लोकायच्या लग्नाचे आहेत."

"असं?" तिनं बटवा सोडला. "भाऊ, हे टाका मंग. कोनाचं लग्न आहे ते पाहू."

सोमाजीनं पट्टी पाहिली, आणि त्याचा हात चष्म्याच्या डबड्याकडे गेला. आत रद्दी पट्टी होती. "निकेशचे माय, ते नाई. घरी पाहू."

"घरी काऊन? मशीन पारखाचं आहे नं?"

भूपेशला वाटलं, गिऱ्हाईक बिघडतं आहे. त्यानं लगबगीनं पट्टी चौकटीत बसवली, झाकण लावलं. आत उजेड सरकू लागला, घरघर घरघर करत. पडद्यावर आधी पांढऱ्या केसांची, काळ्या दातांची बाई आली. भूपेशनं एक बटण दाबलं, आणि बाई सुलटी झाली.

देवकाबाईनं शब्द तयार ठेवले होते. पंधरा दिवस घासून घासून त्यांना धार लावली होती. भर दुकानात नवऱ्याची अब्रू काढायची, असं ठरवूनच ती आली होती. तिनं पहिल्यांदा बांगड्या पाहिल्या. पांढऱ्याच होत्या, तिनं बरोबर वाचलं होतं. मग भांगातला शेंदूर पाहिला. मग तोंड पाहिलं. हनुवटी देवकाबाईची स्वतःची होती, हसू सोमाजीचं होतं.

"माय वो," ती म्हणाली. "भाग्यश्री."

भूपेशनं एकेक फोटो मोठा केला. पहिल्यात कडेवर तान्हं होतं. पुढच्यात ते बसायला लागलं होतं, मग बांबूच्या कुंपणाला धरून उभं होतं, मग फ्रॉक घालून, मग दोन वेण्या घालून. शेवटच्यात पोरीच्या पाठीवर दप्तर होतं. कुंपण तेच, अंगण तेच. दर मंडईचा एक फोटो, एकाच रोलवर पुरवून पुरवून काढलेला. देवकाबाईची नात तिच्या डोळ्यांसमोर, एका दुकानाच्या टेबलावर, पाच मिनिटांत मोठी झाली.

"रायपूरले नाई गेली ते," सोमाजी खाली मान घालून बोलू लागला. "मुलचेऱ्याकडं राह्यते. पोरगा तिकडचाच, बंगाली. चांगला आहे, पेत नाई, मारत नाई. मले दुसऱ्याच साली समजलं. चौकात तसं बोलून बसलो होतो, मंग मांगं कसं फिराचं? लोकं हासले असते. तुलेच दाखवाचं होतं, फोटू मोठा करून."

"फोटू दाखवाचा होता मले?" तिचा आवाज चिरकला. "सहा साल तुमी त्या अंगनात उभे राह्यले. लेकराले हात लावला. अन् मी घरी तुमच्या धाकानं तिचं नाव नाई घेतलं! माणूस आहे का कसाई आहे तुमी?"

दुकानात आणखी एक गिऱ्हाईक आलं होतं, ते दारातूनच परत फिरलं.  देवकाबाईनं पदरानं डोळे पुसले, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. लेक हसत होती, पण ज्यानं कॅमेरा धरला होता त्याच्याकडे पाहून. आणि तिची संशयाची सवय, ती काही रडण्यानं गेली नव्हती. एक गोष्ट जुळेना. पोरगी दोन गाड्यांच्या अंतरावर होती. स्टुडिओत फोन होता. बापाशी बोलत होती. मग सहा वर्षांत आईला एक निरोप नाही?

"तिनं कदी इचारलं नाई? माय काऊन येत नाई म्हनून?"

सोमाजी स्कॅनरच्या झाकणावरून हात फिरवू लागला.

"मी काय इचारून राह्यली? काय सांगितलं तिले?"

"म्हटलं..." तो अडखळला. "म्हटलं, तुही मायच राजी नाई. तोंड पाहाचं नाई म्हनते, म्हटलं."

ह्यानं खरंच बाई ठेवली असती तर बरं झालं असतं, असं देवकाबाईला वाटलं. तिनं ते बोलूनही दाखवलं. मग गावाचं नाव विचारलं, घर कोणत्या बाजूला ते विचारलं, आणि सोमाजीनं दोन्ही सांगितलं.

"मी येतो संगं," तो उठला.

"तुमी बसा. तुमच्या तोंडचं काई ऐकाचं नाई मले, अन् तिले बी ऐकवाचं नाई."

भूपेशनं आष्टीची गाडी कुठं लागते ते सांगितलं, तिथून पुढं मुलचेऱ्याची मिळेल म्हणाला. ती गाडीत खिडकीशी बसली. चंद्रपूर मागं पडलं, जंगल सुरू झालं, आणि ती मनात वाक्यं जुळवू लागली. दारात उभं राहून काय म्हणायचं? तुह्या बापानं खोटं सांगितलं, म्हणायचं? जो बाप दर वर्षी येत राहिला, त्याच्याबद्दल? मले माहीतच नव्हतं तू इथी आहे, म्हणायचं? एवढी जवळ राहणारी आई सात वर्षं येत नाही, आणि मग एक दिवस दारात येऊन सांगते, की मी तर केव्हाही राजी होती. कोण मानेल? देवकाबाईनं स्वतःनंही मानलं नसतं.